भाकरी, हुलगा, शेंगदाणा : भीमाकाठच्या घरात दुधावाचून रोजचा स्वयंपाक

दूध, दही, तूप, अंडी, मध यांसह प्राण्यांपासून मिळणारा कोणताही पदार्थ न वापरता केलेल्या आहाराला 'व्हिगन' हे नाव १९४४ मध्ये इंग्लंडमधील काही शाकाहारी मंडळींनी दिले आणि त्यामागे जनावरांच्या वापराविषयीची त्यांची नैतिक भूमिका होती. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शेतकरी घरांत ही भूमिका कोणी मांडली नव्हती; तरीही ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, हुलग्याचे शेंगोळे, बेसनाचा झुणका, शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा ठेचा या तेथील रोजच्या पदार्थांत दुधाचा थेंबही लागत नाही, कारण हे जेवण जमिनीच्या आणि पावसाच्या मर्यादेतून घडलेले आहे. त्यामुळे या भागातील एखाद्या कुटुंबाने, किंवा कुटुंबातील एका व्यक्तीने, पूर्ण वनस्पतिजन्य आहार स्वीकारायचे ठरवले, तर बाजारातून महागडी पर्यायी पाकिटे आणण्याआधी एक साधे काम करणे उपयुक्त ठरते. ते म्हणजे नेहमीच्या स्वयंपाकात दूध आणि त्याचे पदार्थ नेमके कोठे येतात व तेथे ते कोणते कार्य करतात, हे तपासणे.

याच भागातील वढू बुद्रुक हे गाव भीमेच्या काठी आहे; भीमा, भामा आणि इंद्रायणी यांचा संगम असलेले तुळापूर तेथून जवळ आहे, आणि छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव महाराष्ट्रभर परिचित आहे. नदीकाठच्या या पट्ट्यात ऊस, कांदा आणि भाजीपाला पिकतो, तर शिरूर तालुक्याच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या भागात बाजरी, मूग, मटकी, हुलगा आणि रब्बीची ज्वारी ही पिके महत्त्वाची आहेत. म्हणजे धान्य, कडधान्य, तेलबी, पालेभाजी आणि गूळ हे वनस्पतिजन्य स्वयंपाकाचे पाचही आधार हाताच्या अंतरावर आहेत. याच परिसरात घरोघरी गोठा आहे आणि दुधाचा दर दहा दिवसांनी येणारा पगार हा अनेक घरांच्या खर्चाचा भरवशाचा भाग आहे, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही. दूध विकणाऱ्या घरात दूध न पिण्याचा निर्णय हा आहाराइतकाच घरातील समजुतीचा प्रश्न असतो. माळकरी कुटुंबांना मांसाहारावाचून जगण्याची सवय असल्याने त्यांची अर्धी वाट आधीच चाललेली असते, परंतु त्यांच्या ताटात दूध-तुपाचे स्थान बहुधा अधिक मोठे असते.

या भागातील स्वयंपाकात दुग्धपदार्थ चार कामांसाठी येतात. ताक आणि दही आंबटपणासाठी, तूप आणि लोणी स्निग्धतेसाठी, दूध आणि खवा गोड पदार्थांच्या दाटपणासाठी, आणि दूध पुन्हा एकदा चहासाठी. पहिल्या कामाचा विचार सर्वांत विस्ताराने करावा लागतो, कारण ताकाचा आंबटपणा हा देशावरील चवीच्या मुळाशी आहे. कढी, ताकातले पिठले, चाकवताची पातळ भाजी आणि आंबील हे सगळे त्याच्यावर उभे असतात.

आंबटपणासाठी चिंच हा सर्वांत जवळचा पर्याय आहे. चार माणसांच्या आमटीला लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवून तिचा कोळ घातला आणि तिच्या तीव्रतेला गुळाच्या लहान खड्याने आवर घातला, तर आमटी, भरली वांगी आणि मिरचीचे पंचामृत यांना दह्याची आठवण होत नाही. मात्र पिठले आणि पालेभाजी यांत चिंचेचा रंग व तिखट आंबटपणा खटकतो. चाकवताच्या बाबतीत जुनी सोय अशी की त्यात एक तृतीयांश चुका मिसळावा. चुक्याची पाने स्वभावतः आंबट असल्याने ताकाची गरजच उरत नाही आणि बेसनाऐवजी मूठभर शिजवलेली हरभरा डाळ व चमचाभर शेंगदाण्याचे कूट घोटून घातले की भाजी मिळून येते. अंबाडीचेही तसेच आहे. तिची पाने एकदा उकडून पाणी काढून टाकावे, मग ज्वारीच्या कण्या घालून शिजवावी आणि वरून लसणाची तेलातली फोडणी द्यावी. कोकणातील आमसूल घरात असल्यास त्याचे सार उत्तम होते, पण ते देशावरच्या भाकरीपेक्षा भाताशी अधिक जमते.

ताकाच्या चवीच्या सर्वांत जवळ जाणारा आंबटपणा आंबवण्याच्या क्रियेतून मिळतो. आंबवणे म्हणजे हवेतील आणि धान्यावरील सूक्ष्म जीवाणूंनी पिठातील साखरेचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करणे. दुधाचे दही होताना हीच क्रिया घडते, त्यामुळे दोन्ही चवी एकाच कुळातील असतात. ज्वारीच्या आंबिलीसाठी पाव वाटी पीठ एक वाटी पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवून मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात झाकून ठेवावे. उन्हाळ्यात आठ-दहा तासांत त्याला आंबूस वास येतो, थंडीत मात्र पूर्ण दिवस लागू शकतो. दुसऱ्या दिवशी तीन वाट्या पाण्यात मीठ, जिरे आणि ठेचलेला लसूण घालून ते उकळले की आंबवलेले पीठ ढवळत ढवळत सोडावे आणि सात-आठ मिनिटे शिजू द्यावे. अनेक घरांत आंबील पातळ करण्यासाठी नंतर ताक घालतात. येथे साधे पाणी पुरते, कारण आंबटपणा पिठातच तयार झालेला असतो. पीठ आंबताना वर जी पातळ, आंबट निवळी साचते ती फेकू नये. पिठले करताना बेसन कालवण्यासाठी तिचा उपयोग केल्यास ताकातल्या पिठल्याशी बरेच साम्य येते. पिठाला बुरशी दिसली, रंग बदलला किंवा कुजका वास आला, तर ते संपूर्ण टाकून द्यावे. वरचा थर काढून खालचे वापरण्याची काटकसर येथे धोक्याची असते.

ज्यांना कढीवाचून जेवण अपुरे वाटते त्यांच्यासाठी शेंगदाण्याचे दही हा मार्ग आहे, मात्र त्यासाठी थोडा संयम हवा. एक वाटी शेंगदाणे सहा ते आठ तास भिजवून, साले चोळून काढून, तीन वाट्या पाण्याबरोबर अगदी बारीक वाटावेत आणि मलमलच्या कापडातून गाळून घ्यावेत. हे शेंगदाण्याचे दूध मंद आचेवर दहा मिनिटे ढवळत शिजवावे लागते, कारण ते खाली चटकन लागते आणि उतूही जाते. बोट सोसवेल इतके कोमट झाल्यावर त्यात आधीच्या शेंगदाणा-दह्याचा चमचाभर विरजणाचा अंश घालावा; पहिल्यांदा करताना तो नसल्यास देठासह चार-पाच हिरव्या मिरच्या बुडवून ठेवतात, कारण देठांवरील जीवाणू विरजणाचे काम करतात. आठ ते बारा तासांत दही लागते. ते म्हशीच्या दुधाच्या दह्यासारखे कापता येईल असे घट्ट होत नाही आणि खाली पाणी सुटते, याचा अर्थ ते बिघडले असा नव्हे. घुसळले की ते एकजीव होते. कढीसाठी या दह्यात दोन चमचे बेसन फेटून घ्यावे आणि कढी खळखळ उकळू न देता कडेने बुडबुडे येईपर्यंतच तापवावी. गाळल्यावर उरलेला चोथा थालीपिठाच्या पिठात मुरतो आणि त्याने थालीपीठ खुसखुशीत होते. शेंगदाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले किंवा बुरशी लागलेले दाणे निर्दयपणे बाजूला काढावेत, कारण शेंगदाण्यावर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे, यकृताला अपायकारक विष तयार करतात आणि ते शिजवून नाहीसे होत नाही.

स्निग्धतेचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, कारण या भागातील फोडणी पूर्वीपासून तेलाचीच आहे. वरण-भातावर तुपाची धार लागते ती गंधासाठी. त्याऐवजी दोन चमचे शेंगदाणा तेलात जिरे, हिंग आणि ठेचलेला लसूण सोनेरी होईपर्यंत परतून ती फोडणी वाढताना वरून घातली, तर वरणाला स्वतःचा गंध येतो. भाकरीवरच्या लोण्याच्या जागी लसणाची किंवा कारळ्याची चटणी कच्च्या तेलात कालवून घ्यावी. जवसाची चटणी तर आवर्जून ठेवावी, कारण जवसात अल्फा-लिनोलेनिक आम्ल म्हणजे वनस्पतींमध्ये आढळणारे ओमेगा-३ मेदाम्ल भरपूर असते आणि मासे न खाणाऱ्यांना ते मिळण्याचा हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे. जवस मंद भाजून कुटावे आणि चटणी थोडी थोडी करून लवकर संपवावी, एरवी ती खवट होते. रस्सा दाट करण्यासाठी उपाहारगृहांत सर्रास घातल्या जाणाऱ्या मलईची तर या भागाला कधीच गरज नव्हती. चुलीवर किंवा गॅसच्या ज्योतीवर काळपट भाजलेला कांदा आणि सुके खोबरे, त्याबरोबर तीळ किंवा खसखस, आणि घरचा काळा मसाला यांचे वाटण जो दाटपणा व खमंगपणा देते, तो मलईला जमत नाही.

कडधान्यांविषयी थोडे थांबून लिहिणे आवश्यक आहे, कारण दूध वगळल्यावर प्रथिनांचा भार त्यांच्यावर येतो आणि बहुतेक घरांत त्यांचे प्रमाणच कमी पडते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५५ किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ४६ ग्रॅम. दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या तर सुमारे २० ग्रॅम, ७५ ग्रॅम कोरड्या कडधान्यातून वा डाळीतून सुमारे १६ ग्रॅम आणि ४० ग्रॅम शेंगदाण्यांतून साडेनऊ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. हा हिशेब भाजीपाला धरण्याआधीच जवळपास पुरा होतो. परंतु ७५ ग्रॅम म्हणजे कोरडी मोजलेली जवळजवळ अर्धी वाटी, आणि पातळ आमटीच्या एका पळीत तिचा चौथा हिस्साही नसतो. दोन्ही वेळच्या जेवणात एकदा आमटी आणि एकदा दाट उसळ किंवा झुणका असा नेम ठेवला तरच हा आकडा गाठला जातो. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि कडधान्यांत ते भरपूर असते, त्यामुळे भाकरी आणि उसळ यांची जोडी पोषणशास्त्राच्या कसोटीवरही उतरते.

मटकी आठ-दहा तास भिजवून, निथळून, ओल्या कापडात बांधून ठेवली की उन्हाळ्यात बारा तासांत आणि थंडीत दीड दिवसात मोड येतात. भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे या तिन्ही क्रियांनी धान्यातील फायटिक आम्लाचे प्रमाण घटते. हे आम्ल लोह आणि जस्त यांना बांधून ठेवते, म्हणून ते कमी झाले की तेच अन्न शरीराला अधिक लोह देते. उसळीवर लिंबू पिळणे आणि जेवणानंतर निदान तासभर चहा टाळणे या दोन सवयींचा हेतूही हाच आहे, कारण लिंबातील क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणाला मदत करते आणि चहातील टॅनिन त्यात अडथळा आणते.

हुलगा म्हणजे कोकणातील कुळीथ. त्याच्या कोरड्या दाण्यात प्रथिने सुमारे २२ टक्के असतात आणि दर १०० ग्रॅममागे सुमारे २७० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, जे गाईच्या तेवढ्याच दुधातील प्रमाणाच्या दुपटीहून अधिक आहे, अर्थात दुधाचा पेला एका वेळी रिकामा होतो आणि १०० ग्रॅम हुलगा कोणी एका वेळी खात नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. शेंगोळ्यांसाठी हुलगे हलके भाजून दळून आणावेत, म्हणजे कच्चा उग्र वास जातो. दोन वाट्या हुलग्याच्या पिठात अर्धी वाटी ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ, आठ-दहा लसूण पाकळ्या, तीन-चार हिरव्या मिरच्या आणि जिरे यांचे वाटण, हळद व मीठ घालून पीठ घट्ट भिजवावे आणि तेलाच्या हाताने बोटाएवढ्या जाड वळ्या करून त्यांची टोके जोडावीत. पातेल्यात तेलाची फोडणी करून सहा वाट्या पाणी उकळावे, त्यात चमचाभर पीठ कालवून सोडावे म्हणजे रस दाट होतो, आणि मग शेंगोळे एकेक करून सोडावेत. ते वर येऊन घट्ट होईपर्यंत डाव घालू नये, अन्यथा सगळ्याचे पिठले होते. वीस मिनिटांत ते आतपर्यंत शिजतात. थंडीच्या रात्री हे एकच भांडे संपूर्ण जेवण असते आणि त्याला भाकरीचीही गरज भासत नाही. पाहुण्यांसाठी काही विशेष करायचे असेल तर पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात प्रसिद्ध असलेली मासवडी घ्यावी. बेसन पाण्यात शिजवून ओल्या कापडावर थापायचे, त्यात सुके खोबरे, तीळ, कांदा, लसूण आणि कोथिंबीर यांचे भाजलेले सारण भरून गुंडाळायचे आणि झणझणीत रश्श्यात वाढायचे, असा हा पदार्थ आहे. त्यात दुधाचा अंश नाही आणि तो जमल्यावर यजमानांना कशाचेही स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

गोडाच्या बाबतीत फार लिहिण्याची गरज नाही. पुरणपोळी तेलावर लाटून तेलपोळी करता येते आणि तिच्याबरोबर दुधाऐवजी सुंठ-वेलची घातलेली गुळवणी देतात. खपली गव्हाची खीर गूळ आणि नारळाच्या दुधात होते, मात्र नारळाचे दूध शेवटी घालून फक्त गरम करावे. तीळ आणि शेंगदाण्याचे लाडू, गूळपापडीची तेलातली वडी, हुरड्याबरोबरचा गूळ यांत काहीच बदलावे लागत नाही. पेढा, बर्फी आणि श्रीखंड यांच्या नकला करण्याच्या फंदात न पडलेले बरे. गुळाविषयी एक शंका नेहमी विचारली जाते. गुऱ्हाळात रसातील मळी वर काढण्यासाठी परंपरेने भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरतात आणि त्यात प्राणिजन्य काही नसते. काही गुऱ्हाळांवर फेस बसवण्यासाठी तेल सोडतात. दौंड-शिरूरच्या गुऱ्हाळांपर्यंत जाता येत असल्याने ही गोष्ट प्रत्यक्ष विचारून घेणे शक्य आहे, आणि तशी संधी शहरातील ग्राहकाला नसते.

चहा हा मात्र या सगळ्या बदलातील सर्वांत कठीण टप्पा असतो, कारण तो भूक भागवण्यासाठी नसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी नाते जपण्यासाठी असतो. शेंगदाण्याच्या दुधाचा चहा करून पाहिला तर त्याला दाण्याचा वास येतो आणि तो बहुतेकांना रुचत नाही. सोयाबीनचे दूध उकळत्या चहात फाटण्याची शक्यता असते, म्हणून ते वेगळे गरम करून, चहा गाळल्यावर आणि किंचित निवल्यावर घालावे. त्यापेक्षा गवती चहा, आले आणि गुळाचा कोरा चहा पिण्याची सवय लावणे अधिक टिकाऊ ठरते, कारण तो कोणत्याही घरात, कोणत्याही टपरीवर मागता येतो.

आता आरोग्याच्या ज्या एका बाबीत हा पारंपरिक आहार अपुरा पडतो तिच्याकडे वळले पाहिजे, कारण याविषयी कौतुकाच्या भरात दुर्लक्ष होते. ब-१२ हे जीवनसत्त्व जीवाणू तयार करतात, ते प्राणिजन्य अन्नात साठते आणि वनस्पतींमध्ये भरवशाने मिळत नाही; मज्जासंस्था आणि रक्तनिर्मिती यांसाठी ते आवश्यक असते. हा विषय वढू बुद्रुकला परका नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा ग्रामीण आरोग्य कार्यक्रम याच गावी चालतो आणि तेथे २००२ पासून आसपासच्या गावांतील लोकसंख्येच्या आरोग्याची नोंद सातत्याने ठेवली जाते. याच रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला, आणि त्यात सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात ब-१२ चे प्रमाण कमी आढळले. या स्त्रियांनी दूध सोडण्याचे कोणतेही व्रत घेतलेले नव्हते. नेहमीचे ग्रामीण जेवण जेवणाऱ्या त्या होत्या. ज्या मातांच्या रक्तात ब-१२ कमी आणि फॉलेट अधिक होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला शरीराने दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली, असा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. यावरून दोन गोष्टी निघतात. थोडेसे दूध पिणाऱ्या शाकाहारी माणसानेही स्वतःला सुरक्षित समजू नये, आणि दूध पूर्ण सोडणाऱ्याने तर ब-१२ ची गोळी हा आहाराचाच भाग मानावा.

आंबील, शेंगदाणा-दही, मोड आलेली धान्ये किंवा न धुतलेली भाजी यांतून ब-१२ मिळते, ही समजूत चुकीची आहे. आहार बदलण्याआधी एकदा रक्तातील प्रमाण तपासून घ्यावे आणि गोळीची मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावी. गोळी निवडताना कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून केलेले, असू शकते हे ध्यानात ठेवून साधी गोळी मागावी. ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत डी-३ हा प्रकार बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेदापासून बनतो, तर डी-२ हा वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांना चालतो. गरोदर आणि स्तनदा स्त्रिया, तान्ही बाळे आणि वाढत्या वयाची मुले यांचा आहार घरच्या घरी, केवळ वाचून, बदलू नये. कॅल्शियमसाठी शेवग्याचा पाला, तीळ, हुलगा आणि मिळेल तेव्हा नाचणी यांच्यावर भर द्यावा. पालक आणि तांदुळजा यांत कॅल्शियम दिसायला पुष्कळ असले तरी त्यांतील ऑक्झलेट त्याचे शोषण रोखते, म्हणून या हिशेबात त्यांना कमी धरावे.

दुकानातून पाकिटे घेताना हिरव्या ठिपक्यावर विसंबणे पुरेसे नाही. या चिन्हाच्या व्याख्येत दूध, दुग्धपदार्थ, मध, मेण आणि लाख यांना मांसाहारी मानलेले नाही, त्यामुळे दुधाची पावडर असलेल्या बिस्किटावरही हिरवा ठिपकाच असतो. पूर्ण वनस्पतिजन्य पदार्थांसाठी अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्वतंत्र नियम आणले असून त्यासाठी इंग्रजी 'व्ही' अक्षर आणि पान असलेले हिरवे चिन्ह ठरवले आहे. ते नसेल तेथे घटकांची यादी वाचावी आणि दूध घनपदार्थ, व्हे, केसिन, लॅक्टोज किंवा बटर यांपैकी काही आढळते का ते पाहावे. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी दिलेली सूचना बहुधा यादीच्या खालीच असते आणि तीच सर्वांत लवकर सापडते. पुण्यात १९७४ पासून काम करणाऱ्या 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' या संस्थेने अशा लपलेल्या प्राणिजन्य घटकांविषयी दीर्घकाळ माहिती प्रसिद्ध केली आहे, आणि शंका असल्यास तिचा आधार घेता येतो. फरसाण आणि भेळ यांत अडचण क्वचित येते. बेकरीतील नानकटाई, केक आणि टोस्ट यांत ती हमखास येते.

एकत्र कुटुंबात एकाच व्यक्तीने दूध सोडले असेल तर तिच्यासाठी वेगळी चूल मांडण्याने सगळ्यांनाच लवकर कंटाळा येतो. त्याऐवजी शिजवताना सर्वांसाठी तेलाची फोडणी वापरावी, कणीक दुधाऐवजी पाण्यात मळावी आणि तूप, दही, लोणी ताटात वरून वाढण्याची सोय ठेवावी. मग एकाच पातेल्यातून सगळे जेवतात आणि ज्याला जे हवे ते तो घेतो. भंडाऱ्यात किंवा लग्नात बुंदी, लापशी आणि मसालेभात यांत तूप, वनस्पती तूप की तेल आहे हे आचाऱ्याला आदल्या दिवशी विचारणे योग्य, पंगतीत बसल्यावर नव्हे. वनस्पती तूप हे नाव तुपाचे असले तरी ते घट्ट केलेले वनस्पती तेलच असते, त्यामुळे तत्त्वतः ते चालते, पण रोजच्या वापरासाठी त्याची शिफारस करता येणार नाही.

हा बदल सुरू करण्यास मार्गशीर्ष-पौष हा काळ सर्वांत सोयीचा, कारण तेव्हा हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी, चाकवत, पावटा, वांगी आणि पुढे हुरडा हे सगळे एका वेळी शेतात असते आणि चवीला काही कमी पडत नाही. खरी परीक्षा चैत्रानंतर येते, जेव्हा पालेभाजी महाग होते आणि ताकाची ओढ वाढते. त्यासाठी थंडीतच तयारी करावी लागते. हरभऱ्याचा पाला सावलीत वाळवून, चुरून, कोरड्या डब्यात भरावा आणि उन्हाळ्यात तो बेसन व लसणाबरोबर कोरडा परतावा. मटकीच्या आणि हरभरा डाळीच्या वाटणाचे सांडगे कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवून ठेवावेत आणि लागतील तसे तेलात तळून कांद्याच्या रश्श्यात सोडावेत. सांडगे पुरते वाळले की नाही हे एक मोडून पाहावे. आतला भाग मऊ लागला तर आणखी एक दिवसाचे ऊन द्यावे आणि मगच डब्याचे झाकण लावावे.